अंगठेवाली बाई

आदिलाबादजवळच्या जैनथच्या बसस्टँडवर उतरून कोणी "दुर्गे मॅडम कुठं बसतात?" असं विचारलं असतं, तर त्याला कोणी वाट दाखवली नसती. "अंगठेवाली बाई कुठं बसते?" म्हटलं की चहावालाही तहसीलाच्या बाजूची खोली दाखवायचा. आधारच्या मशीनवर मी बसले तेव्हा माझी मुलं शाळेत होती. उठले तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. मधली सगळी वर्षं मी लोकांचे हात हातात धरण्यात घालवली. दिवाळी अंकासाठी नोकरीवर काही लिहा असा संपादकांचा फोन आला, तेव्हा कुठून सुरुवात करावी ते कळेना. साहेब कोण होते, पगार कधी वाढला, हे मलाच धड आठवत नाही. हात मात्र आठवतात.

सुरुवातीला खोलीही नव्हती. लोखंडी पेटीत लॅपटॉप, बोटांचं मशीन, डोळ्यांचं मशीन आणि मागं टांगायला एक पांढरी चादर, एवढा संसार ऑटोत टाकून आम्ही गावोगाव जायचो. शाळेच्या वऱ्हांड्यात चादर टांगली की ऑफिस उघडलं. माणसं सणाला निघाल्यासारखी नवे कपडे घालून यायची. फोटो निघणार म्हणून बाया पावडर लावायच्या, म्हातारे दाढी करून यायचे. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे, मग डोळे. माझ्याबरोबरचा तेलुगू मुलगा दिवसभर "नोक्कंडी, नोक्कंडी" म्हणून ओरडायचा, म्हणजे दाबा, दाबा. लोक बिचारे जीव खाऊन दाबायचे आणि मशीन लाल दिवा दाखवायचं. फार दाबलं की रेषा एकमेकींत मिसळून जातात, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि तेव्हा मलाही नव्हतं.

मशीन सगळं बोट पाहत नाही. कोणती रेषा कुठं संपली आणि कुठं तिला फाटा फुटला, तेवढंच ते टिपतं आणि पुढच्या वेळी तेच शोधतं. रेषा उठून दिसल्या तर काम झालं. पण आमच्याकडची चामडी कामाची आहे. कापूसवेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळक्या टोकांनी बायांची बोटं ओरबाडून निघतात. सिमेंटकाम करणाऱ्यांचे हात रखरखीत होतात. बिडी वळणाऱ्या बायांच्या बोटांवर रेषा शोधाव्या लागतात. त्यात कोणाला इसब, कोणाला सोरायसिस. खपल्या धरल्या की रेषा बुजल्या. एक गोष्ट मात्र मला इथं बसून कळली. वरची चामडी सोलून गेली तरी, जखम फार खोल नसेल, तर खालून तीच नक्षी पुन्हा वर येते. म्हणून कित्येकांना मी सांगायचे की वेचणी संपू द्या, काही दिवस रोज खोबरेल तेल लावा, मग या. घामट हात मी पुसून घ्यायचे, कोरडे हात ओल्या फडक्यानं ओले करायचे. तरी एखादं बोट हटून बसायचं, मग दुसरं बोट. दहांतलं एखादं तरी ऐकायचंच.

तामसीकडचे एक आजोबा आठवतात. अंगठा ठेवा म्हटल्यावर ते रागावले. प्रौढांच्या रात्रशाळेत जाऊन ते सही शिकले होते आणि त्यानंतर त्यांनी कुठंही अंगठा उठवला नव्हता. ते म्हणाले, "बाई, केस पांढरे झाल्यावर म्या सही शिकलो. आता सरकार पुन्हा अंगठाच काऊन मांगून राह्यलं?" मी त्यांना म्हटलं, "आधी तुमची सही दाखवा मला." त्यांनी सावकाश सही केली, शेवटी वरची रेघ ओढली आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी ती मागच्या रांगेलाही दाखवली. मग त्यांनी अंगठा दिला.

कोडाचे डाग असलेला एक तरुण आला होता. हातावरचे डाग झाकायला तो भर उन्हात लांब बाह्यांचा शर्ट घालून आला होता. पांढरी बोटं मशीन घेईल का, असं त्यानं हळूच विचारलं. मशीनला रंग कळत नाही, फक्त रेषा कळतात, आणि कोडानं रेषा जात नाहीत. त्याचे दोन्ही हात पहिल्या फेरीतच हिरवे झाले. जाताना तो म्हणाला की आपले डाग ज्याला दिसले नाहीत असं हे पहिलंच ठिकाण. असे दिवस आले की मला माझ्या मशीनचा अभिमान वाटायचा.

सविता आली त्या दिवशी तो वाटला नाही.

संक्रांतीच्या आधीचे थंडीचे दिवस होते. पैनगंगेच्या काठच्या एका गावातून सासू-सून आल्या. सासू गिरजाबाई, वयानं साठीच्या पुढची, विधवा, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. सून सविता पंचविशीच्या आतली, दोन्ही हात पदराखाली. सविताचं माहेर नदीपलीकडं, महाराष्ट्रात. तिचं कार्ड तिथं लहानपणी काढलेलं. आता लग्नानंतरचं नाव आणि इकडचा पत्ता त्यावर घालायचा होता. पण खरी अडचण वेगळी होती आणि ती गिरजाबाईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकली.

त्यांचा मुलगा दिलीप कापसाच्या गठाणींचा ट्रक चालवायचा, महिन्यातून थोडेच दिवस घरी असायचा. गिरजाबाईंची बोटं वयानं झिजलेली. म्हणून राशनच्या दुकानात अंगठा द्यायला सविता गेली. मशीननं तो घेतला नाही. मागची रांग कुरकुरायला लागली तसा दुकानदारानं तिचा हात उलटा करून पाहिला आणि मागं सरकला. मग त्यानं सगळ्यांसमोर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून मशीन पुसलं. एवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की दिलीपच्या बायकोला महारोग आहे. शेजारची शांताबाई गिरजाबाईंच्या घरून रोज ताक न्यायची, तिनं भांडं पाठवणं बंद केलं.

मी सविताला हात पुढं करायला सांगितलं. तिनं काढला नाही तेव्हा मीच पदराखालून हळूच घेतला. तळहात हळद लावल्यासारखा पिवळा आणि टाचेसारखा जाड होता. त्यात भेगा. मनगटाजवळ मात्र जाड चामडी एकदम संपायची आणि तिथं लाल किनार होती. इतक्या वर्षांत हात मळके आहेत म्हणून लाजलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्या होत्या. ही लाजत नव्हती, भीत होती. मी तेल लावून पाहिलं, ओलं फडकं लावून पाहिलं, दहाही बोटं एकेक करून ठेवली. सगळी लाल. वरच्या ऑफिसात फोन लावला तर त्यांचं म्हणणं, बोटं जागेवर आहेत ना, मग सूट कशी देणार? डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मग डोळ्यांवर काम करू.

सविता पटकन म्हणाली, "नको ताई. राहू द्या. दवाखान्यात नाही जात मी."

गिरजाबाई तिच्याकडं पाहत राहिल्या. मग पाणी प्यायला म्हणून बाहेर नळावर गेल्या. तेवढ्या वेळात सवितानं मला सगळं सांगितलं. हे हात तिला जन्मापासून. तिच्या वडिलांचे तसेच, आत्याचेही तसेच. आत्याला सासरच्यांनी या हातांवरून माहेरी आणून सोडलं आणि कधीच परत नेलं नाही. म्हणून सविताला पाहायला पाहुणे आले तेव्हा आईनं तिच्या हातांवर गडद मेंदी लावली, आणि लग्नानंतर कोणी विचारलं तर शेतातल्या कामानं घट्टे पडले म्हणून सांगायचं, असं शिकवलं. दिलीपला तिनं लग्नानंतर थोड्याच दिवसांत खरं सांगितलं होतं. तो म्हणाला होता की मला काही फरक पडत नाही, पण आईला एवढ्यात सांगू नको. आणि आता तिला चौथा महिना होता.

तिनं मला विचारलं, "तुमी सांगसान काय माह्या सासूले?" मी म्हटलं, तुझ्या तोंडून निघाल्याशिवाय माझ्या तोंडून निघणार नाही.

दवाखान्यात जायचं ठरवलं ते गिरजाबाईंनीच. महारोग आहे की नाही एवढं त्यांना गावाच्या तोंडावर सांगायचं होतं. सरकारी दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टर मॅडम तेलुगू, मराठीचा गंध नाही, हिंदी तोडकी. सासू-सुनेला तेलुगू येत नव्हतं. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही तिघी बसनं आदिलाबादला गेलो.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी सविताचे हात खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले, पायाचे तळवे पाहिले, टोचून पाहिलं, दुखतं का विचारलं. मग त्या माझ्याकडं वळून तेलुगूत बोलल्या. हा महारोग नाही. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जन्मतः आहे, घराण्यातून येतो, आई किंवा बापाला असला तर प्रत्येक मुलाला होण्याची निम्मी शक्यता. पूर्ण जात नाही, पण मलमानं चामडी मऊ राहते, भेगा कमी पडतात. कामात काही अडत नाही.

"काय म्हंते व?" गिरजाबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, महारोग नाही. कोणाला लागतही नाही. मलम देणार आहेत.

गिरजाबाईंनी मोठा श्वास सोडला. पण ती बाई हुशार. म्हणाल्या, "येवढंच? ते तं लय वेळ बोलून राह्यली होती."

मी सविताकडं पाहिलं. तिला तेलुगूचा शब्दही कळला नव्हता, पण मी काय गिळलं ते तिला कळलं होतं. मला वाटलं ती मान खाली घालील. तिनं हात पदरातून काढून मांडीवर उताणे ठेवले आणि सासूला म्हणाली, "आत्या, मी सांगतो. हे घट्टे नाहीत. मले जन्मापासून हाय. माह्या बाले हाय, त्याच्या बहिणीले हाय. पोटातल्या लेकराले होईन का नाही, सांगता येत नाही. लग्नाच्या वक्ती तुमाले खोटं सांगतलं."

डॉक्टरीणबाईंनी सर्टिफिकेट लिहून दिलं, मलम लिहून दिलं, आम्ही बाहेर आलो. परतीच्या बसमध्ये गिरजाबाई पुढं जाऊन एकट्या बसल्या. सविता माझ्या शेजारी होती आणि जैनथ येईपर्यंत खिडकीबाहेरच्या कापसाच्या पऱ्हाटीकडं पाहत होती. मी तिची आत्या डोळ्यांसमोर आणत होते. राशनच्या तांदळासाठी मी या पोरीचा संसार मोडायला निघाले की काय, असं मला वाटत राहिलं.

काही दिवस दोघींपैकी कोणी आलं नाही. सर्टिफिकेट माझ्याकडं आलंच नाही, म्हणजे काम तसंच पडून होतं. मग एका दुपारी गिरजाबाई एकट्याच आल्या. रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. नंतर मला विचारलं, "खरंच लागत नाही ना व ते?"

मी म्हटलं, "मी तिचे हात किती वेळ धरले ते तुम्ही पाहिलं ना?"

त्यावर त्या बराच वेळ बोलल्या. त्यांना राग हातांचा नव्हता, फसवणुकीचा होता. विहिणीनं तोंडावर खोटं सांगितलं, मुलानं लपवलं, घरात एकटीलाच माहीत नव्हतं. त्यांनी सविताला माहेरी पाठवायचं जवळजवळ ठरवलं होतं. दिलीप ट्रकवरून घरी आला तेव्हा त्यालाही तसंच सांगितलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला की तिला सोडायला मी जातो आणि मीही तिकडंच राहतो. पण त्या थांबल्या त्या मुलाच्या धमकीनं नाही, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. सविता त्या दिवसापासून स्वयंपाक करून भाकरीची टोपली बाहेर सरकवायची आणि स्वतः न्हाणीपाशी बसून जेवायची. तिला तसं बसायला कोणी सांगितलं नव्हतं. गिरजाबाई म्हणाल्या, "माहा मालक गेल्यावर पयल्या सणाले मले असंच बाजूले बसवलं होतं, ताई. ते मले दिसलं."

मग त्यांनी मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यायचं आवतण दिलं.

आता हे सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमच्या घरी हळदीकुंकू नाही, आणि गावातल्या बाया आम्हाला बोलवायच्याही नाहीत. माझ्या आजीच्या हातचं पाणी या भागात कोणी घेत नसे, ते मी तिच्याच तोंडून ऐकत मोठी झाले. कोणाच्या हातचं न घेणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी येते म्हटलं.

अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. बाया आल्या होत्या, पण दाराजवळ दाटीवाटीनं बसल्या होत्या, केव्हाही उठता येईल अशा. दिलीप ओसरीवर उभा होता. गिरजाबाई, विधवा म्हणून, आत चौकटीपाशी होत्या. सविता करंडा घेऊन बाहेर आली आणि पहिल्या बाईपुढं वाकली. ती शांताबाई होती. सविताचं बोट कपाळापर्यंत गेलं तशी शांताबाईनं मान मागं घेतली आणि म्हणाली, मीच लावून घेते, दे इकडं करंडा. पुढची बाई पायातल्या जोडव्यांशी खेळायला लागली. सविता तशीच वाकलेली राहिली.

गिरजाबाई चौकट ओलांडून बाहेर आल्या. त्यांनी सविताला दंडाला धरून सरळ केलं, तिच्यासमोर सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मले लाव."

सविता म्हणाली, "आत्या, तुमाले कसं लावू?"

"तुह्या हातानं लाव."

सवितानं हळद लावली, मग कुंकू लावलं. थोडं कुंकू भुवईवर सांडलं. गिरजाबाईंनी ते पुसलं नाही. त्या बायांकडं वळून म्हणाल्या, "हे महारोग नाही. डॉक्टरणीनं सांगतलं. मी विधवा असून लावून घेतलं. आता ज्याले जायचं हाय त्यानं जावं."

दोघीजणी गेल्या. मी माझ्या जागेवरून उठून सविताच्या हातून तिळगूळ घेतला आणि तिथंच खाल्ला. कुंकू मी लावून घेत नाही, हे तिला माहीत होतं. मग मागून एका म्हातारीनं कपाळ पुढं केलं, मग तिच्या सुनेनं. शांताबाई सगळ्यांत शेवटी उठली. करंडा अजून तिच्या हातात होता, तो तिनं सविताला परत दिला आणि मान पुढं केली.

संक्रांतीनंतर दोघी सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडं आल्या. बोटांच्या जागी सूट टाकली, डोळे घेतले, नाव आणि पत्ता बदलून आला. दुकानात पुढं डोळ्यांचं मशीन आलं आणि राशनचा प्रश्न मिटला. गिरजाबाई पहिल्या महिन्यात तिच्याबरोबर गेल्या होत्या आणि त्यांनी दुकानदाराला सगळ्या रांगेदेखत काय सुनावलं ते सवितानं मला हसून हसून सांगितलं. ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

आता सगळं चेहऱ्यावर चाललं आहे. माणूस फोनसमोर उभा राहतो, डोळे मिचकावतो, काम होतं. झिजलेल्या बोटांच्या लोकांसाठी हे फार बरं झालं. पण माझ्या जागेवर आता बसणारी मुलगी दिवसभरात कोणाचाही हात धरत नाही. मी गेले होते तिला भेटायला. चादर तीच, पेटी तीच, आणि समोरचा माणूस दोन हात लांब. मला उगीच चुकल्याचुकल्यासारखं झालं. हात धरला की माणूस बोलायचा. वेचणीचं, लेकीच्या बाळंतपणाचं, विहिरीच्या पाण्याचं. बोट मशीनवर असताना तोंड आपोआप सुटायचं.

जागा सोडायच्या थोडं आधी सविता आणि गिरजाबाई पुन्हा आल्या, सविताच्या मुलीला घेऊन. मूल पाच वर्षांचं झालं की बोटं आणि डोळे घ्यावे लागतात. सविता आता गावच्या अंगणवाडीत स्वयंपाक करते, लेकरांना भात-वरण वाढते. मुलगी बडबडी, एका जागी न बसणारी. मी नेहमीप्रमाणे तिचा हात हातात घेतला. तळहात पिवळा, जाड, मनगटाजवळ लाल किनार.

मी काही बोलायच्या आधी मुलीनंच तो माझ्यासमोर पुरा उघडून धरला आणि सांगितलं, "माहे हात आईसारखे हाय. आजी रोज मलम लावते. तुमचे कोणासारखे हाय?"

मी म्हटलं, माझ्या आजीसारखे.

मी रीतीप्रमाणे बोटं ठेवून पाहिली, दिवा लाल झाला. गिरजाबाई मागून म्हणाल्या, "आमच्या घरचे हात हायेत ते, मॅडम. डोळे घ्या." डोळे घेताना पोरगी इतकी हसत होती की तीनदा प्रयत्न करावा लागला. काम झालं तशा त्या निघाल्या. तहसीलासमोरचा रस्ता ओलांडताना गिरजाबाईंनी तिचा एक हात धरला होता, सवितानं दुसरा.